इशारा एकोणचाळीस, धोका त्रेचाळीस: एका कोल्हापुरी रॅपरच्या पुनरागमनाचे प्रकरण

या प्रकरणातील कलावंत, त्याची पेठ, त्याची जुनी कंपनी आणि गाण्याचे शीर्षक यांची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. शहराचे नाव मात्र झाकलेले नाही. ते झाकले असते तर प्रकरणच समजले नसते.

पार्श्वभूमी

हा कलावंत कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेत वाढला. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचे लेथचे छोटे वर्कशॉप होते. २०१८ मध्ये तो मुंबईत राहून हिंदीत रॅप करत होता आणि एका लहान म्युझिक कंपनीने त्याच्याशी करार केला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत एका हिंदी चित्रपटामुळे वस्त्यांतला रॅप घराघरांत पोहोचला, तेव्हा त्याचीही दोन गाणी बऱ्यापैकी ऐकली गेली. ती गाणी मुंबईच्या बोलीत होती. त्यांत लोकल होती, चाळ होती, रात्रपाळी होती. कोल्हापूरचा त्यांत उल्लेखही नव्हता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि राष्ट्रीय महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. घरात पाणी शिरल्याचे कळूनही त्याला लगेच पोहोचता आले नाही. पाणी ओसरल्यावर तो गावी आला तो वर्कशॉप उभे करण्यासाठी. पुढच्या वर्षी टाळेबंदी लागली आणि मुंबईला परत जाणे राहून गेले. करारातील तीन वर्षांचा बंधनकाळ तसाच सरला. पुढची काही वर्षे त्याने एकही गाणे काढले नाही.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली, आणि त्याच दिवसांत त्याने कोल्हापूरवर गाणे लिहायला घेतले. सोबत एक स्थानिक संगीत निर्माता होता आणि चित्रीकरणासाठी दोन मित्र होते. खर्च वर्कशॉपच्या उत्पन्नातून करायचा होता, म्हणजे हात आखडताच होता.

अडचण

पहिली अडचण नावाची होती. ज्या नावाने तो ओळखला जात होता ते कंपनीने करमणूक सेवांच्या, म्हणजे ४१ व्या वर्गात, ट्रेडमार्क म्हणून स्वतःच्या नावे नोंदवून घेतले होते. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत हरकत घेता येते. तो काळ त्याच्या वर्कशॉपमधल्या वर्षांत येऊन गेला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याचे यूट्यूब चॅनेल कंपनीच्या ईमेलवर उघडलेले होते, त्यामुळे जुने सबस्क्रायबरही हातात नव्हते.

दुसरी अडचण खुद्द गाण्याची होती. पहिल्या खर्ड्यात अंबाबाई होती, रंकाळा होता, तांबडा-पांढरा होता, चप्पल, गूळ, खासबागेतली कुस्ती, भवानी मंडप, सगळेच होते. यमके घट्ट होती आणि फ्लोही (शब्दांची लय) पक्का होता, तरीही तो ऐकून निर्मात्याने ही पर्यटन खात्याची जाहिरात वाटते असे स्पष्ट सांगितले. माझ्या मते त्याचे म्हणणे बरोबर होते. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला शहराबद्दल जेवढे ठाऊक असते तेवढेच त्या खर्ड्यात होते, आणि शहर सोडून गेलेल्या व पाण्यामुळे परत आलेल्या माणसाचा त्यात मागमूस नव्हता.

तिसरी अडचण गाण्याची कुणकुण गावात लागल्यावर हळूहळू वर आली. शहराच्या कौतुकाचे गाणे म्हटल्यावर त्यात आपली जागा असावी असे प्रत्येकाला वाटू लागले. आमची पेठ पहिली घ्या, आमच्या तालमीचे नाव राहू देऊ नका, आमच्या मंडळाची मूर्ती दाखवा, अशा मागण्या घरापर्यंत आल्या. पुढे घेतलेला जवळजवळ प्रत्येक निर्णय अशा कोणत्या ना कोणत्या हक्कदाराला दिलेले उत्तर होता.

विचारात घेतलेले पर्याय

नावाबाबत तीन वाटा होत्या. नोंदणी रद्द व्हावी म्हणून कंपनीशी कायदेशीर लढा देणे, कंपनीकडून नाव विकत घेणे, किंवा नवे नाव घेऊन शून्यापासून सुरुवात करणे. लढ्यात त्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती, कारण करारापूर्वीपासून तो ते नाव वापरत होता. मात्र त्यात जाणारा वेळ आणि वकिलाचे पैसे दोन्ही आवाक्याबाहेर होते. करार पुन्हा वाचताना एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. जुन्या गाण्यांच्या शब्दांचे हक्क कंपनीला दिले होते, पण किती काळासाठी हे लिहिलेले नव्हते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार मुदत नमूद नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच धरले जाते. म्हणजे स्वतःच्या जुन्या ओळी तो पुन्हा वापरू शकत होता. ध्वनिमुद्रण मात्र कंपनीचेच राहणार होते. या मुद्द्यावर भांडण उकरून न काढता तो वाटाघाटीसाठी राखून ठेवावा असे ठरले.

गाण्याच्या सांगीतिक आधाराबाबत निर्मात्याच्या मनात कोल्हापुरात तयार झालेल्या एका जुन्या चित्रपटातील लावणीचा तुकडा सॅम्पल करण्याचे, म्हणजे मूळ मुद्रणातून कापून नव्या गाण्यात वापरण्याचे, होते. कल्पना मोहक होती, कारण १९१० च्या दशकाच्या अखेरीस बाबूराव पेंटर यांनी येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हापासून चित्रपट हा या शहराच्या अभिमानाचा विषय आहे. पण कायदा येथे अनेकांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६३ पर्यंतची मुद्रणे २०२४ मध्ये मोकळी झाली होती. तथापि शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि या गाण्याबाबत तो अजून जिवंत होता. कलम ३१-सी खाली कव्हर व्हर्शनचा परवाना मिळतो, पण तो मूळ गाणे पुन्हा गाण्यासाठी आहे, तुकडा कापून त्यावर नवा रॅप चढवण्यासाठी नाही. दुसरा पर्याय हलगी आणि घुमके या चर्मवाद्यांचे जिवंत मुद्रण हा होता. तो महाग होता आणि छोट्या स्टुडिओत हलगीचा आवाज माईकला सोसवत नाही, हीही अडचण होती.

आशयाबाबत तीन खर्डे समोर होते. पहिला प्रेक्षणीय स्थळांच्या यादीचा. दुसरा फक्त स्वतःच्या पेठेचा. हा सर्वांत प्रामाणिक होता आणि सर्वांत धोक्याचाही. कोल्हापुरात पेठेचे नाव घेतले की फुटबॉल आलाच. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या सामन्यांना पेठापेठांतले समर्थक रंग आणि घोषणा घेऊन येतात, आणि तिथली ईर्षा कधी कधी दगडफेकीपर्यंत गेलेली आहे. तिसरा खर्डा एका प्रश्नातून सुचला. पावसाळ्यात कोल्हापुरात कोणीही कोणालाही भेटले की विचारते, ‘पाणी किती फुटावर हाय?’ आणि उत्तर येते ते कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचे: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. हे दोन आकडे शाळकरी पोरांपासून वयोवृद्धांपर्यंत सर्वांना पाठ असतात आणि ते कोणत्याही एका पेठेचे नाहीत.

घेतलेले निर्णय आणि केलेली कृती

तिसरा खर्डा निवडला गेला. हुक, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा भाग, प्रश्नोत्तराचा झाला: एकाने पाणी विचारायचे, घोळक्याने आकडा सांगायचा, आणि कडव्यागणिक आकडा चढत जाऊन ‘इशारा एकोणचाळीस, धोका त्रेचाळीस’ या ओळीवर हलगी तुटायची. पहिल्या व्हर्समध्ये, म्हणजे रॅपच्या कडव्यात, मुंबईत बसून फोनवर पातळी विचारणारा मुलगा आला, दुसऱ्यात चिखलातून लेथ धुऊन काढणारा बाप आणि मुलगा. पहिल्या खर्ड्यातल्या यादीतून फक्त रंकाळा टिकला आणि तोही एका ओळीपुरता. स्तुती अशी थेट कुठेच नाही. तरीही ऐकणाऱ्याला हे गाणे शहराच्या प्रेमाचेच वाटते, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय हाच होता. बोलीही बदलली. मुंबईची हिंदी गेली आणि घरात बोलली जाते ती कोल्हापुरी मराठी आली. शिव्या ठेवाव्यात की काढाव्यात यावर मतभेद होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत विनापरवाना चित्रित केलेल्या अश्लील शब्दांच्या रॅपवरून गुन्हा दाखल झाला होता, त्याची आठवण एका मित्राने करून दिली. शेवटी शिव्या निघाल्या त्या मात्र भीतीपोटी नव्हे. वडील आणि मुलाच्या व्हर्समध्ये त्या बसत नव्हत्या एवढेच.

नावाबाबत लढा आणि खरेदी हे दोन्ही पर्याय सोडून पेठेत लहानपणापासून ज्या नावाने हाक मारतात ते घेतले गेले. नवे चॅनेल त्याच्या स्वतःच्या ईमेलवर उघडले गेले, आणि गाणे ऑनलाइन मंचांवर पोहोचवणाऱ्या वितरकाशी करार करताना मुदत, प्रदेश व चॅनेलची मालकी ही तीन कलमे आधी वाचली गेली.

प्रकाशनाची तारीख ठरवताना खरी कसोटी लागली. सगळ्यांचा पहिला विचार गणेशोत्सवाचा होता. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिक्स जवळजवळ तयार होता. अशातच ८ ऑगस्टच्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागून ते भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातले ते नाट्यगृह आणि शेजारचे खासबाग मैदान ही शहराची जिव्हाळ्याची जागा होती, आणि चमूकडे आगीच्या काही आठवडे आधी सहज टिपलेले नाट्यगृहाचे एक दृश्य होते. काही मित्रांनी आग्रह धरला की एक कडवे आगीवर लिहून गाणे ताबडतोब सोडावे, कारण सगळे शहर त्या दुःखात आहे आणि गाणे हातोहात पसरेल. कलावंताने दोन दिवस विचार करून नकार दिला. गाणे पाण्याचे आहे, त्यात आग घुसवली तर ती फक्त गर्दी जमवण्यासाठी घुसवली हे ऐकणाऱ्याला कळेल, असे त्याचे म्हणणे होते. जुने दृश्य व्हिडिओत ठेवले गेले, पण त्यावर ना ओळ आहे ना मजकूर. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी त्याने गाण्याचे नुकसान झाले नाही असे म्हणता येणार नाही.

सप्टेंबरमध्ये विधानसभेच्या एका इच्छुकाचा कार्यकर्ता भेटायला आला. व्हिडिओचा सगळा खर्च करू, सुरुवातीला ‘सौजन्य’ म्हणून फोटो आणि नाव, बाकी काही नको, असा प्रस्ताव होता. हाती पैसे नसलेल्या माणसाला असा प्रस्ताव नाकारणे सोपे नसते, आणि घरात त्यावर वादही झाले. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा की फोटो पाच सेकंदांचा असेल आणि ड्रोनसकट सगळे चित्रीकरण मनासारखे होईल. विरोधातला मुद्दा निर्णायक ठरला: शहरातील निम्म्या लोकांनी ते गाणे पहिल्या पाच सेकंदांतच बंद केले असते. नकार कळवताना निवडणूक होईपर्यंत गाणेच काढणार नाही असे सांगण्यात आले, त्यामुळे दुसऱ्या कोणा इच्छुकाने ते घेतले असा संशय उरला नाही. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागू झाली, २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ तारखेला निकाल लागला. गाणे डिसेंबरमध्ये काढायचे ठरले.

ड्रोनचा विचारही सोडून दिला गेला. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत उड्डाणाला हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे. गच्च्यांवरून चित्रीकरण झाले आणि ते अधिक जवळचे दिसले.

परिणाम

प्रकाशनापूर्वी दहा सेकंदांचा टीझर आला आणि त्यात मागे उभ्या असलेल्या एका मुलाच्या अंगावर एका फुटबॉल संघाची जर्सी होती. दोन तासांत प्रतिक्रियांमध्ये जुंपली. ज्या वादातून सुटण्यासाठी पेठेचा खर्डा बाजूला ठेवला होता तोच वाद चित्राच्या कोपऱ्यातून आत आला. टीझर काढून घ्यावा की राहू द्यावा यावर मते वेगळी होती. वादातून प्रसिद्धी होते असे वितरकाकडील माणसाचे म्हणणे होते. टीझर त्याच रात्री काढला गेला आणि मुख्य व्हिडिओतले ते दृश्य पुन्हा चित्रित झाले, त्यात फक्त चिखलातले पाय आणि चेंडू आहे.

गाणे आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यावर कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणी आपोआप जुळवून पाहणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेतून, दावा आला. निर्मात्याने बेसचा एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा, एका संकेतस्थळावरून सामायिक परवान्यावर, म्हणजे इतरांनाही तो वापरता येईल अशा अटीवर, घेतला होता. तोच लूप वापरणाऱ्या परदेशातील कोणा कलावंताने आपले गाणे कंटेंट आयडीत टाकले होते आणि यंत्रणेने कोल्हापूरचे गाणे त्याची नक्कल ठरवले. अशा दाव्याने चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे कारवाईचा इशारा, येत नाही, पण जाहिरातींचे पैसे दावा करणाऱ्याकडे वळतात. पाच दिवसांच्या आत आक्षेप नोंदवला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे अडकवून ठेवले जातात आणि दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. आक्षेपासोबत परवान्याची पावती जोडली गेली आणि मुदतीच्या अखेरीस दावा मागे घेतला गेला. पैसे बुडाले नाहीत, पण जाहिरातींचे पैसे सर्वांत जास्त येतात ते पहिले आठवडे हा हिशेब टांगणीला लागलेला होता.

जुन्या श्रोत्यांपैकी थोडेच नव्या नावापर्यंत पोहोचले. ज्यांना सापडले त्यांच्यातील काहींची तक्रार होती की पूर्वीचा आक्रमकपणा गेला. कोल्हापुरात मात्र गाणे वेगळ्याच वाटेने पसरले. रॅपचा भाग बाजूला राहिला आणि हुकआधीचा हलगीचा तुकडा रील्समध्ये वापरला जाऊ लागला, आधी मिरवणुकांच्या आणि मग चक्क लग्नांच्या. त्यातून नवाच प्रश्न उभा राहिला. हलगीवाल्यांना मिरवणुकीच्या सुपारीसारखे एकरकमी पैसे देऊन मोकळे केले होते आणि लेखी काही नव्हते. पारंपरिक ठेक्यावर कोणाचा कॉपीराइट नसतो हे खरे, परंतु २०१२ च्या दुरुस्तीनंतर वादकाच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क आहे आणि व्यावसायिक वापरात त्याला रॉयल्टीचा वाटा मागता येतो. गटाच्या म्होरक्याने भांडण केले नाही, फक्त आपली नावे कुठे दिसत नाहीत एवढे विचारले. नावे वर्णनात घालण्यात आली आणि पुढे गाण्याच्या उत्पन्नातला हिस्सा लिहून देण्यात आला.

वेगळे काय करता आले असते

स्प्लिट शीट, म्हणजे गाण्यात कोणाचा किती वाटा हे लिहिलेला कागद, मुद्रणाच्या आधी व्हायला हवी होती, यावर आता चमूत दुमत नाही. ज्या कलावंताने स्वतःचे नाव एका कागदामुळे गमावले, त्याच्याच गाण्यात वादकांसाठी कागद नसावा हे कोड्यात टाकणारे आहे. याचे कारण वाईट हेतू नव्हे तर सवय हे आहे. हलगी ही गावात सुपारी देऊन बोलवायची गोष्ट मानली जाते. स्टुडिओत आलेला गिटारवादक असता तर त्याच्याशी टक्केवारीची बोलणी आपोआप झाली असती.

लूपबाबत मार्ग सोपा होता. शेवटच्या मिक्समध्ये बेस स्वतः वाजवून घेतला असता तर एक दुपार गेली असती आणि दावा आलाच नसता. शिवाय सामायिक परवान्यावरील लूप मुख्य भागात असलेले गाणे स्वतःलाही कंटेंट आयडीत नोंदवता येत नाही, त्यामुळे आज ज्या रील्समध्ये हलगी वाजते त्यांवर दावा सांगण्याची सोयही गेली.

नावाच्या निर्णयाबद्दल मला अजून खात्री नाही. नवे नाव घेणे स्वस्त आणि स्वच्छ होते, पण जुन्या ओळींचे हक्क परत आले आहेत हा मुद्दा हातात असताना कंपनीशी एकदा बोलणे व्हायला हवे होते. नाव मिळाले नसते तरी जुन्या चॅनेलवर नव्या चॅनेलचा दुवा टाकण्याइतकी तडजोड बहुधा झाली असती, आणि पुनरागमनाच्या गाण्याला नेमकी तिथेच गरज होती. श्रोत्याला माणूस परत आला हे कळलेच नाही तर त्याच्यासाठी ते कोणा नवख्याचे पहिले गाणे ठरते.

गणेशोत्सव हुकला याची हळहळ निर्मात्याला अजून आहे. हलगीचा तुकडा मिरवणुकीतच वाजायला हवा होता असे तो म्हणतो, आणि रील्स पाहता त्याचे म्हणणे खोटे ठरवता येत नाही. कलावंताचे उत्तर असे की त्या वेळी सोडले असते तर आग आणि निवडणूक या दोन्हींच्या मधोमध ते गाणे सापडले असते. या मुद्द्यावर दोघांचे एकमत झालेले नाही. दरम्यान कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा वकिलाकडे गेला आहे. त्यात मागणी नावाची नाही, जुन्या दोन गाण्यांच्या वर्णनात नव्या चॅनेलचा उल्लेख करण्याची आहे.